न पोहोचलेला डबा

शनिवार, ता. ९
दुपार

आत्या,

नमस्कार. "तीर्थरूप" लिहिलं की तू म्हणतेस, "का गं, बुड्या मारायच्यात का माझ्यात?" म्हणून नुसतंच आत्या. तुझं नातवंड कसं आहे? फोटोवरून नाक आपल्या घरचं वाटतं. ताईला म्हणावं, त्याला आता इलाज नाही. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा खांदा अधूनमधून धरतो, तरी मशीन सोडत नाहीत. आई म्हणते, हा माणूस वर जाईल तेव्हाही आधी विचारेल, बाह्या किती ठेवू.

बाकीचं लिहिण्याआधी एक प्रश्न लिहून टाकते. आजीने तो मला विचारलाय आणि मला त्याचं उत्तर येत नाही. परीक्षेत न येणारा प्रश्न सोडून पुढच्याकडे वळता यायचं. हा सोडता येत नाहीये.

"एवढे सगळे आहेत इथे," ती म्हणाली. "मग माझे दादा कुठे आहेत?"

दादा म्हणजे तिचे वडील. तुझे आजोबा, माझे पणजोबा. लगेच पत्राची घडी करून उशीखाली सारू नकोस. फोनवर हे बोलता आलं नसतं. तिथे तुझ्या शेजारी ताई असते, तिच्या सासूबाई असतात, आणि तू "हं, हं, बरं, ठेवू?" करून विषय संपवतेस. पत्र माणूस एकट्याने वाचतो.

काल दुकानाच्या मागच्या खोलीत बसले होते आणि तुझी फार आठवण आली. मी कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसलेली असायचे, आणि वर तू, दुपारची सासरहून येऊन, शर्टांची काजं करत असायचीस. मला तुझी फक्त पावलं दिसायची. गाणं म्हणत असलीस की उजव्या पायाचा अंगठा हलायचा, आजीवर चिडली असलीस की दोन्ही पाय घट्ट जुळलेले. मध्येच वरून हात यायचा, "डबा दे." मग मी तो पितळी डबा दोन्ही हातांनी वर करायचे. वरच्या पुडात सुया-टाचण्या, मधल्यात बटणं, खालच्यात खडू आणि बोटात घालायचं तुझं अंगुस्तान. तळाशी चार आकडे कोरलेले होते. मी विचारलं तर तू म्हणालीस, "तो डब्याचा रोल नंबर आहे. डब्यांची पण शाळा असते." कितीतरी वर्षं मला ते खरं वाटत होतं. नंतर खोटं वाटलं, आणि मग नोकरी लागली त्या संध्याकाळी तू मला गच्चीवर नेऊन खरं काय ते सांगितलंस.

मिठाई वाटून झाली होती. घरातली पहिली पदवीधर आणि पहिल्याच अर्जाला नोकरी, म्हणून बाबा गिऱ्हाइकांना धरून धरून सांगत होते. तू कपडे वाळत घालायच्या तारेला धरून उभी होतीस. म्हणालीस, "तू ज्या इमारतीत कामाला जाणार आहेस ना, त्यात माझे आजोबा जळून मेले. शिपाई होते. तो आकडा त्यांचा बक्कल नंबर." आणि मग माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून शपथ घातलीस, की हे तुझ्या सासरी कधीही कळता कामा नये.

मला तेव्हा तुझा राग आला नाही. भीती वाटली. लहानपणापासून मी त्या चौकीवरच्या हल्ल्याची गोष्ट ऐकत आले. परक्या सरकारची चौकी, मूठभर कोवळी पोरं, एका संध्याकाळी त्यांनी ती पेटवली आणि बंदुका पळवल्या. त्यातले काही नंतर फासावर गेले. कॉलेजात मी त्यांच्यावर भाषण करून बक्षीस मिळवलं होतं. आणि आता कळलं, की मी ज्यांच्यासाठी टाळ्या घेतल्या, त्यांनी माझ्या पणजोबांना मारलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, कळल्यावरही मला ती पोरं शूरच वाटत होती. अजूनही वाटतात.

चौकीचं संग्रहालय झालं, तेव्हा भिंतीवरचे फलक लिहायचं काम साहेबांनी माझ्याकडेच दिलं, भाषा चांगली म्हणून. प्रत्येक क्रांतिकारकावर मी मन लावून लिहिलं. कोणाला बासरी यायची, कोणाच्या आईने दाराशी वाट बघत दिवस काढले. आणि शेवटच्या फलकावर एक ओळ: "या हल्ल्यात तीन शिपाई ठार झाले." ही ओळ माझी आहे, आत्या. सगळं माहीत असताना लिहिलेली. साहेब म्हणाले होते, "छान, आटोपशीर."

चहा करून आले. आता आजीचं सांगते.

एवढे दिवस तिने संग्रहालयाचं नावही काढलं नव्हतं. गेल्या आठवड्यात सकाळी उठली, ठेवणीतले कपडे घातले आणि म्हणाली, "चल, तुझं हापिस बघते." बाबांनी मशीनवरून मान वर केली. मशीन थांबलं.

आमच्याकडे तिकीट फाडायला एक गृहस्थ आहेत. बोलताना डावीकडून उजवीकडे मान फिरवत राहतात, म्हणून सगळे त्यांना टेबलफॅन म्हणतात. ते आजीला म्हणाले, "या आजी, ज्येष्ठांना तिकीट माफ." आजी म्हणाली, "मी इथे कधीच तिकीट काढलेलं नाही." त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करतेय. मान फिरवून फिरवून हसले.

ती दारातून लगेच आत आलीच नाही. बाहेरच्या तीन दगडी पायऱ्या आहेत ना, त्यातल्या मधल्या पायरीवर बसली. मला म्हणाली, "दादा इथे बसायचे. मी इथे." आणि मग, आत्या, जे तिने आपल्याला कधीच सांगितलं नाही ते असं सहज सांगितलं, जसं कोणी बाजारातून आल्यावर भाजीचे भाव सांगतं. रोज संध्याकाळी ती घरून डबा घेऊन यायची. आठ-नऊ वर्षांची असेल. बाकीचे शिपाई ओरडायचे, "आली, आली, मोठ्या साहेब आल्या, उभे राहा!" आणि खरंच उभे राहून सलाम ठोकायचे. दादा बाहेर पायरीवर येऊन बसायचे, कमरेचा पट्टा काढून तिच्या मांडीवर ठेवायचे. त्यांचं जेवण होईपर्यंत ती फ्रॉकच्या टोकाने त्याचं बक्कल घासायची. रोज. सगळ्यांचे डबे सारखेच, म्हणून त्यांनी स्वतः खिळ्याने आपला नंबर कोरला होता. "चौथा आकडा वाकडा आहे बघ," ती म्हणाली. "मी हसवलं त्यांना."

मग आत आली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी प्रत्येक फलक वाचून दाखवला. तिने सगळं नीट ऐकलं. बासरीवाल्या पोराजवळ थांबून "अरे रे, कोवळं होतं गं," म्हणाली. कोपऱ्यात एका काचेच्या पेटीत जुना मफलर आहे, हिरव्या किनारीचा, "पहाऱ्यावर असलेल्या एका क्रांतिकारकाचा." देणाऱ्याने नाव लावू दिलं नाही, म्हणून नाव नाही. त्या पेटीशी आजी खूप वेळ उभी राहिली. म्हणाली, "हिरवी किनार." मला वाटलं, शिंप्याची बायको, कापड बघतेय.

शेवटचा फलक मी वाचला नाही. म्हटलं, झालं. तिने सगळ्या भिंतींवरून एकदा नजर फिरवली आणि तो प्रश्न विचारला.

त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, पणजोबांबद्दल तिथे काहीतरी लागलं पाहिजे. निदान तिघांची नावं तरी. बाबांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "शिकलीस ती घरातलं खणून काढायला का गं?" म्हणाले. "तुझ्या आत्याचा संसार आहे तिथे. उद्या तिचा सासरा म्हणाला, आमच्या शत्रूच्या घरची सून, तर काय करशील? पदवी दाखवशील?" मी म्हटलं, बाबा, आजी किती दिवसांची आहे? त्यांनी परत टाचण्या तोंडात धरल्या. बाबांना बोलायचं नसलं की टाचण्या.

साहेबांशी बोलले. कोणाचे पणजोबा ते सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, मेलेल्या शिपायांचाही उल्लेख नीट हवा. ते म्हणाले, "बाई, विंचवाच्या बिळात बोट घालायची हौस आहे का तुम्हाला? माझी बदली होईल, तुमची नोकरी जाईल. समितीचे अध्यक्ष हो म्हणाले तर मला चालेल. त्यांना विचारायची हिंमत असेल तर जा."

अध्यक्ष कोण, हे मी तुला काय सांगू. तुझ्याच घरात राहतात.

संध्याकाळ

मधे बाळासाठी टोपडं विणायला घेतलं, उसवलं, परत घेतलं. लिहायचं टाळतेय, तुझ्या लक्षात आलंच असेल. सांगूनच टाकते. मी तुझ्या घरी गेले होते. तू तिकडे लेकीपाशी, काका कामावर, आणि तुझे मामंजी व्हरांड्यात खुर्चीवर एकटे. मुद्दाम अशी वेळ बघून गेले. तू घातलेली शपथ मी मोडली.

जाताना वाटेत ठरवलं होतं, की घरचं काही बोलायचं नाही, तत्त्वाचं बोलायचं. इतिहास पूर्ण असावा, वगैरे. आजोबा (मी त्यांना आजोबाच म्हणते) नव्वदीला टेकलेत, पण कान शाबूत आहेत. माझं तत्त्व संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाषण चांगलं करतेस. आता खरं बोल. विहीणबाईंनी पाठवलं का तुला?"

मी म्हटलं, त्यांचा काय संबंध?

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या आजीला मी तुझा बाप जन्मायच्या आधीपासून ओळखतो."

तुझ्या लग्नाच्या बोलणीचा किस्सा तूच मला सांगितला होतास. दाराआड उभी होतीस. त्यांनी आजीला विचारलं, आपले वडील काय करायचे? आजीने तू पढवलं होतंस तसं सांगितलं, कारकून होते, तापाने गेले. तेव्हा ते जरा थांबून म्हणाले होते, "हो, त्या वर्षी तापाची साथच होती." आणि तुझा जीव भांड्यात पडला.

"कसली साथ!" आजोबा मला म्हणाले. "त्या वर्षी कोणाला साधी सर्दी झाली नव्हती."

आत्या, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू त्यांच्यापासून लपवत राहिलीस, आजी तुझ्यासाठी लपवत राहिली, आणि ते आपल्याला माहीत आहे हे लपवत राहिले. एकाच नात्यात तिघांनी तीन दारं आतून लावून घेतली होती. तू सणासमारंभाला माहेरी यायचं टाळायचीस, आजी तुझ्या दाराशी येऊन आत न येता परत फिरायची, कोणी जुनं काही विचारू नये म्हणून. कशासाठी गं?

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, मला त्यात भर घालायची नाही.

"मी सतरा वर्षांचा होतो. हातात हत्यार देण्याइतका माझ्यावर कोणाचा विश्वास नव्हता, म्हणून माझ्याकडे नजर ठेवायचं काम. कित्येक दिवस त्या कोपऱ्यावर उभा राहून चौकी बघत होतो. कोण कधी येतं, कोण कधी जातं. ती डबा घेऊन येणारी मुलगी रोजची. लंगडी घालत यायची, डबा सांडेल याची फिकीर नाही. तिचा बाप चांगला होता की वाईट, मला विचारू नकोस. मोर्चात त्याची काठी माझ्या पाठीवर बसलेली आहे, आणि तो हळू मारणारा माणूस नव्हता. पण जेवताना पोरीच्या मांडीवर पट्टा ठेवून तिच्याशी गप्पा मारायचा, तेही मी रोज बघितलंय. दोन्ही खरं.

"त्या संध्याकाळी ती आली. मला ठाऊक होतं आता काय होणार. तोंडाला मफलर गुंडाळून तिला कोपऱ्यावरच अडवलं. म्हटलं, तुझे दादा कामावर बाहेरगावी गेलेत, आज जाऊ नकोस, घरी जा. ती माझ्याकडे बघत राहिली. मी ओरडलो, जा म्हणतो ना! तेव्हा पळाली."

मी म्हटलं, तुम्ही तिला वाचवलंत. मला एकदम हलकं वाटलं होतं. वाटलं, हीच तर गोष्ट, हीच फलकावर लिहायची. किती सुंदर.

ते माझ्याकडे असे बघत होते, जसे मास्तर उत्तर अर्धंच लिहिलेल्या पोरीकडे बघतात.

"डबा आला की तो बाहेर पायरीवर येऊन बसायचा," ते म्हणाले. "त्या दिवशी डबा आला नाही. म्हणून तो आतच थांबला."

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यांनी विचारलं, "हे तिला सांगायचं का? तू शिकलेली आहेस. सांग." बघ, हा दुसरा प्रश्न. याचंही उत्तर मला आलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, नको. अर्धं सांगावं, वाचवलं तेवढं. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "तीन शिपाई ठार, असं?" तो फलक त्यांनी वाचला होता. मी खाली मान घातली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आपल्या दुकानात आले. बाबा गिऱ्हाइकाची छाती मोजत होते, तशीच टेप गळ्यात घालून उभे राहिले. आजोबा गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. आजी आतून आली, सवयीने म्हणाली, "व्याही, चहा टाकू?" ते म्हणाले, "आधी ऐका, विहीणबाई. मग टाकावासा वाटला तर टाका."

पहिलं सांगितलं. कोपरा, मफलर, "जा म्हणतो ना."

मी आजीच्या शेजारीच उभी होते. मला वाटलं, रडेल, चिडेल, काहीतरी होईल. ती माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा, आत्या, मी असा कधी बघितला नव्हता. एखाद्या मुलीवर वर्गात खोटा आळ यावा आणि किती दिवसांनी तो उतरावा, तसा.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "होता माणूस. मी सांगत होते ना आईला, एक माणूस होता. हिरव्या किनारीचा मफलर होता. आई म्हणायची, खोटारडी, वाटेत खेळत बसलीस, बापाला उपाशी ठेवलंस. मामाकडे राहायला गेलो तिथेही हेच. मग मलाही वाटायला लागलं, की नव्हताच माणूस, मीच खेळत बसले असेन." आणि आजोबांकडे बघून, जवळजवळ आनंदाने, "होतात ना तुम्ही?"

"होतो," ते म्हणाले. आणि मग दुसरं सांगितलं.

आजीने पदराने स्टुलाची कड पुसली. तिथे काही सांडलेलं नव्हतं. बाबांच्या गळ्यातली टेप लोंबत होती आणि मशीनवर अर्धी शिवण तशीच. मग ती म्हणाली, "ते बाहेर आले असते, तर मी त्यांच्या शेजारीच बसलेली असते ना."

त्या वाक्याचा अर्थ काय, त्यांना माफ केलं की नाही, हे मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. ती आत गेली. थोड्या वेळाने आतून स्टोव्हचा आवाज आला. आजोबांनी डोळे मिटून घेतले. चहा आला, त्यात साखर नव्हती, ती विसरली होती. त्यांनी तो तसाच, पूर्ण प्यायला. उठले तेव्हा आजी माझ्यावर खेकसली, "बघतेस काय, हात धर त्यांचा, पायरी आहे पुढे."

त्याच संध्याकाळी आजोबांनी काकांना सांगितलं. आधी काका म्हणाले म्हणे, "म्हणजे मी पोलिसाच्या नातीशी लग्न केलं? तरीच घरातल्या प्रत्येक कपाटाला कुलूप!" हसले, आणि मग जेवले नाहीत. राग तुझे आजोबा शिपाई होते याचा नाही. तू इतकी वर्षं सांगितलं नाहीस, याचा आहे. तो माझ्याने मिटणार नाही, तो तुझा तूच बघ. तुझी गाडी किती वाजता पोहोचते, हे मात्र त्यांनी मला दोनदा विचारलंय, आणि मला माहीत नाही म्हटल्यावर चिडले.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. समितीच्या बैठकीत आवाज चढले. एका सदस्यांच्या चुलत्यांना फाशी झाली होती. ते म्हणाले, ज्यांनी आम्हाला गुरासारखं मारलं त्यांची आरती करायची का आता? मला त्यांचं चुकलं असं म्हणता येईना. मी एवढंच म्हटलं, आरती नाही, नाव. ते उठून गेले. परत येतील की नाही, माहीत नाही. बाकीच्यांनी अध्यक्षांकडे बघून होकार दिला. साहेब तेव्हापासून माझ्याशी फक्त "हं" आणि "बघू" एवढंच बोलतात. नोकरी राहिली तर राहिली.

आता आजचं सांगते, आणि संपवते.

काल दुकान बंद झाल्यावर बाबांनी कोणी न सांगता तो डबा खाली घेतला. सुया एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, बटणं दुसऱ्यात. राखेने घासला, पुसला, तिन्ही पुडं एकावर एक बसवली, कडी लावली. चौकीत होतं ते सगळं जळलं होतं, आत्या. पट्टा, बक्कल, सगळं. जो पोहोचला नाही, तो डबा तेवढा उरला. खालच्या पुडात तुझं अंगुस्तान होतं, ते मी काढून ठेवलंय आणि या पाकिटात घालतेय. बोटाला अजून बसतंय का बघ.

आज सकाळी आजीने तो माझ्या हाती दिला नाही. स्वतः घेऊन निघाली. मी आणि बाबा मागून. बाबा आज काहीच बोलले नाहीत, आणि तोंडात टाचण्याही नव्हत्या. चौकीच्या अलीकडच्या कोपऱ्यावर नळासाठी रस्ता खणलाय, त्यामुळे आजोबांची रिक्षा तिथेच थांबली होती आणि ते काठी टेकत उतरत होते. कोणी ठरवून असं केलं नव्हतं. आजी त्यांच्यासमोर जाऊन थांबली. दोघांनाही कळलं, आपण कुठे उभे आहोत ते.

"आज जाऊ ना?" तिने विचारलं.

मग खणलेल्या मातीत एक पाऊल मागे सरकून त्यांनी वाट दिली. "जा," म्हणाले.

दाराशी टेबलफॅन होते. "काय आजी, आज परत?" आजी म्हणाली, "डबा द्यायला आलेय." या वेळी त्यांची मान हलली नाही.

मफलरच्या शेजारची पेटी मी कालच रिकामी करून ठेवली होती. तिने डबा आत ठेवला, वाकडा आकडा दिसेल असा आडवा. मी काच लावली. खालची पाटी माझ्या हस्ताक्षरात आहे. तिघांची नावं आहेत, आणि एक ओळ: "हा डबा त्या संध्याकाळी वाटेतून परत गेला." जुन्या फलकावरची माझी ओळ मी स्वतः पुसून काढली. साहेबांना विचारलं नाही. तुलाही विचारलं नाही. तू नको म्हणाली असतीस तर मला थांबावं लागलं असतं, म्हणून हे पत्र आज लिहितेय, काल नाही.

येशील तेव्हा आधी घरी जा, काकांशी बोल. मग इकडे ये. आजी तुझी वाट बघतेय. पायरीवर नाही, दारातच.

त्या शिपायाची पणती आणि
तुझीच भाची